दीड किलो पाणी

जोतीराम भित्रा आहे, असं तीस वर्षांपूर्वी पेठेत कुणी म्हटलं असतं तर बोलणाऱ्याचे दात घशात गेले असते. तालमीच्या संघात तो बॅकला खेळायचा. समोरच्या पेठेचा फॉरवर्ड सुसाट यायचा आणि जोतीराम आडवा आला की बॉल सोडून आधी स्वतःच्या नडग्या वाचवायचा. दोनदा नाक फुटलं. दोन्ही वेळा नाकात कापूस कोंबून गडी शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात होता. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नव्हे, पेठेच्या अब्रूचा मामला आहे, आणि ती अब्रू राखायला जोतीराम उभा आहे म्हटल्यावर लोक निवांत चहा प्यायला जायचे.

तोच जोतीराम आज चौपन्न वर्षांचा आहे आणि पहाटे डोळा उघडला की देवाचं नाव घेण्याआधी मोबाइलमध्ये आजचं ऊन किती ते बघतो. आकडा छत्तीसच्या वर असला तर मोबाइल बंद करून परत लावून बघतो. बायको लीला म्हणते, "अवं, उनाला भिऊन कोल्हापुरात कसं ऱ्हायचं?" तो पाण्याचे दोन जार मोटारसायकलला बांधतो आणि मैदानावर जातो. तिथं एकोणीस पोरी त्याची वाट बघत असतात.

ही भीती कुठून आली ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला हसाल. हसणारे पेठेत काही कमी नाहीत.

आमच्याकडचे फुटबॉलचे संघ तालमीतून निघाले. कुस्ती मागं पडली, आखाड्याच्या हौद्यातली माती वाळली, पण वस्तादांचे नियम काही वाळले नाहीत. हंबीरराव वस्तादांचा पहिला नियम असा की मेहनत करताना पाणी प्यायचं नाही. "पाणी पिलं की दम तुटतोय. पाय जड हुत्यात. चूळ भरा आणि थुका." मैदानाच्या कडेला कळशी भरलेली असायची. पोरं पळत यायची, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, खळखळ करायची आणि वस्तादांच्या समोर थुंकायची. घोट गिळलेला वस्तादांना गळ्यावरून कळायचा. ज्यानं गिळला त्याला मैदानाला दहा फेऱ्या. जोतीराम असा पंधरा वर्षं थुंकला, आणि पुढं स्वतः शिकवायला लागला तेव्हा तोच नियम पोरांना लावला. आपण मेलो नाही, तेव्हा कुणीच मरणार नाही, असा साधा हिशेब होता त्याचा. असले हिशेब आपण सगळेच करतो.

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याच्या हाताखाली आदर्श होता. त्याच्या सख्ख्या बहिणीचा, बाळाबाईचा मुलगा. चौदा वर्षांचा, काटक, मामासारखाच बॅकला खेळणारा. त्या दिवशी सराव लांबला, साडेदहा वाजले. आदर्शनं पाणी मागितलं. जोतीराम म्हणाला, चूळ भर. थोड्या वेळानं त्यानं परत मागितलं. जोतीराम म्हणाला, "मॅचमदी तुला कोण पाणी आणून देणार हाय?" तिसऱ्यांदा पोरानं मागितलं नाही, नुसतं कळशीकडं पाहिलं. मग बॉल आला तसा तो बॉल घेऊन पळाला, पण उलट्या बाजूला, स्वतःच्याच गोलाकडं. सगळी पोरं खो खो हसली. जोतीरामही हसला. हसता हसताच त्यानं पोराला गुडघ्यावर पडताना पाहिलं.

आदर्श पाच दिवस दवाखान्यात होता आणि सहाव्या दिवशी गेला. अंगातली उष्णता मेंदूत चढली, असं डॉक्टरांनी सांगितलं. जोतीरामला कुणी एक शब्द बोललं नाही. ऊन वाईट होतं म्हणाले, वेळ वाईट होती म्हणाले. बाळाबाई आजही भाऊबीजेला त्याला ओवाळते. पण लोकांनी नाव ठेवलं नाही म्हणून मन थोडंच सोडतं. त्याला सगळ्यात जास्त छळतं ते स्वतःचं हसणं. पोर मरणाच्या दारात उलटं पळत होतं आणि मामा हसत होता.

त्यानंतर पाच वर्षं तो मैदानाकडं फिरकला नाही. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर तोलाईदार म्हणून काम होतं, तेवढं करायचा. तोलाईदार म्हणजे गूळ तोलून देणारा माणूस. शेतकऱ्याचे तीस तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, गाडीतून उतरतात, सौदा निघतो, आणि वजनाचा शेवटचा शब्द याचा. या कामात जोतीरामचं नाव होतं. रवा नुसता उचलून तो शंभर ग्रॅमच्या फरकानं वजन सांगायचा आणि काटा त्याला कधी खोटं पाडायचा नाही.

मग तालमीनं मुलींचा संघ काढायचं ठरवलं. तेरा वर्षांखालच्या. शिकवणार कोण, यावर तालमीत सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले, कारण पुरुषांच्या संघाचा मान मोठा, आणि पोरींच्या संघाच्या वाट्याला पहिली दोन वर्षं चेष्टाच येणार हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी एका मुलीची आई, मोना, जोतीरामच्या दारात येऊन उभी राहिली. शिवणकाम करणारी, नवरा इचलकरंजीला लूमवर पाळीला, घरात एकटीचा कारभार. तिची तेजस्वी रस्त्यावर पोरांच्यात खेळून खेळून घरात काचा फोडत होती.

"मामा, तुमीच शिकवा. दुसऱ्या कुणाकडं मी पोरीला सोडणार न्हाय."

जोतीराम म्हणाला, "माझ्याकडंच सोडू नगंस."

"का ते म्हाईत हाय मला. म्हणूनच सोडतोय."

आमच्याकडं बायकापोरीही 'आलो, गेलो, सोडतोय' असंच बोलतात, तेव्हा पावण्यांनी गोंधळून जाऊ नये. मोना गेल्यावर लीला म्हणाली, "जावा. घरात बसून भ्यायचं ते मैदानात जाऊन भ्या." आणि तो गेला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जोतीराम तर पाणीही फुंकून पाजायला लागला. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी पाव लिटर पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. सुरुवातीला तो लिंबू, साखर, मीठ घालून सरबत आणायचा. पण दोन पोरींचा घसा बसला आणि त्यांच्या आया तालमीत भांडायला आल्या. उन्हातून आल्यावर आंबट पाजता होय, म्हणाल्या. तेव्हा त्यानं सरबत बंद केलं आणि साधं पाणी सुरू ठेवलं. पाणी महत्त्वाचं, बाकी काय, असं त्याला वाटलं.

तरी जीव टांगणीलाच. कोण किती प्यालं, कुणाच्या अंगातून किती घाम गेला, हे नुसतं बघून कसं कळणार? मग तोलाईदाराला सुचावं तेच त्याला सुचलं. अडतीवर लाल आकड्यांचा एक जुना काटा पडून होता, कोपरा फुटलेला पण वजनाला चोख. तो त्यानं मागून आणला आणि मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली ठेवला. सरावाआधी प्रत्येकीचं वजन, सरावानंतर परत वजन. जेवढं कमी भरेल तेवढं पाणी अंगातून गेलं. अर्धा किलोपेक्षा जास्त गेलं तर ती पोरगी दुसऱ्या दिवशी खेळायची नाही, सावलीत बसून राहायचं.

हंबीरराव वस्ताद ऐंशीच्या घरात गेलेत, पण सकाळी काठी टेकत मैदानावर येतातच. काटा बघून म्हणाले, "जोत्या, फुटबॉल शिकवालायस का पाणपोई काढलीस? आणि ह्या पोरी का गुळाचं रवं हाईत?"

"वस्ताद, रव्यापेक्षा नाजूक हाईत," जोतीराम म्हणाला. वस्ताद हसणार होते, पण त्याचं तोंड बघून सावलीकडं वळले.

यंदाच्या मार्चमध्ये काट्यानं कमाल केली. सुरुवातीला चारशे, सहाशे ग्रॅम उतरायचे. हळूहळू ते कमी झाले. मग आकडा हलेचना. सकाळी जेवढं वजन तेवढंच नऊ वाजता. एकोणीसच्या एकोणीस पोरी जशाच्या तशा. जोतीरामनं वहीत लिहिलेले आकडे परत परत वाचले. एवढी पळापळ करून, घामानं निथळून एकीचंही वजन उतरत नाही, हे त्याच्या कामातल्या अकलेला खरं तर खटकायला हवं होतं. पण माणसाला हवं ते दिसत असलं की तो डोळे चोळून बघत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला लागोपाठ दहा रात्री झोप लागली. लीलानं शेजारणीला सांगितलं की आमच्यांचं घोरणं परत सुरू झालं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्पर्धा होती. तिच्या चार दिवस आधी तेजस्वीचं वजन एकदम सातशे ग्रॅम उतरलं. आकडा बघून जोतीराम म्हणाला, "काय न्हाय, काय न्हाय." तिला पाणी पाजलं, सावलीत बसवलं, अर्ध्या तासात चार वेळा विचारलं, डोकं दुखतंय का, माझं बोट दिसतंय का, आज वार कुठला. तिनं बुधवार म्हणून सांगितलं तरी खात्रीसाठी मोबाइलमध्ये बघितलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी ती बाहेर बसायला हवी होती. पण तेजस्वी संघाची मधली फळी सांभाळणारी, आणि स्पर्धा तोंडावर आलेली. ती म्हणाली, "मामा, उद्या खेळू द्या. उद्या न्हाय उतरणार." त्यानं एवढ्यापुरता नियम बाजूला ठेवला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी मोबाइलनं अडतीस दाखवलं.

साडेसहाला तेजस्वीचं वजन तेहतीस किलो दोनशे भरलं. सराव नेहमीसारखा झाला. तो दर शिट्टीला पाणी पाजत होता आणि तिच्यावर जरा जास्तच नजर ठेवून होता. आठनंतर ती थोडी मंदावली. एकदा तिनं मनगटावरचा काळा दोरा ओढून सैल करायचा प्रयत्न केला. एकदा कपाळ दाबलं. जोतीरामनं लगेच तिला जास्तीचं पाणी दिलं आणि ती ते प्यायली. नऊला शिट्टी झाली आणि पोरी काट्यापाशी रांगेत उभ्या राहिल्या.

तेजस्वी काट्यावर चढली आणि लाल आकडे चौतीस किलो सातशेवर थांबले.

जोतीरामला वाटलं, काटा बिघडला. त्यानं तिला उतरवलं, दहा किलोचं लोखंडी माप ठेवून बघितलं. बरोबर दहा. तिला परत चढवलं. चौतीस सातशे. हे काय, असं तो स्वतःशीच पुटपुटत असताना तेजस्वी म्हणाली, "मामा, डोकं लई दुखालंय," आणि काट्यावरच भडाभडा ओकली. सगळं पाणीच. तोंड पुसत ती उतरली आणि घराकडं जायला निघाली, पण निघाली ती उलट्या बाजूला, नदीच्या दिशेनं. मागच्या दोन पोरी हसल्या.

तसंच हसणं जोतीरामनं आधी एकदा ऐकलं होतं. "हसू नगा," तो ओरडला. तो धावला. तो पोचायच्या आत पोरगी जमिनीवर पडली होती, डोळे पांढरे झाले होते आणि हातपाय झटके देत होते.

मैदानावर मग एकच गलका झाला. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं कांदा आणा, आणि सगळे एका सुरात म्हणत होते, पाणी पाजा, पाणी पाजा. जोतीरामच्या हातात पाण्याचा जग होता. तो कधी उचलला त्याला आठवत नव्हतं. नऊ वर्षं तो रोज मनातल्या मनात हेच करत आला होता. आदर्श पडतो आणि हा त्याच्या तोंडाला पाणी लावतो. आज ते खरोखर करायची वेळ आली होती. झटके थांबले, तेजस्वीची मान कलंडली, ओठ हलले. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, जग तिच्या ओठाला लावला.

आणि त्याचा हात थांबला.

गुळाच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. कमी भरलेल्या रव्याची तोलाईदाराला फिकीर नसते, वाळला असेल म्हणून सोडून देतो. तो भितो जास्त भरलेल्या रव्याला. असायला हवं त्याहून वजन जास्त निघालं की समजायचं गुळानं पाणी ओढलंय. वरून रवा टणक दिसतो, आतून सैल पडत चाललेला असतो. असा रवा हातात आला की जोतीराम आधी तो बाजूला काढायचा, ओल लागेल तिथून लांब. त्याच्या मांडीवर आत्ता तेहतीस दोनशेची पोरगी चौतीस सातशे होऊन पडली होती. मनगटावरचा काळा दोरा तिच्या कातडीत रुतला होता. बोटं फुगली होती. उन्हानं सुकलेल्या पोराची बोटं त्यानं बघितली होती, ती अशी नव्हती.

दीड किलो. दीड किलो पाणी पोरीच्या अंगात जास्त होतं.

त्यानं जग लांब सारला. "पाणी द्यायचं न्हाय," तो म्हणाला.

कुणाला कळेना. कुणीतरी दुसरी बाटली पुढं केली, ती त्यानं हातानं उडवली. तेवढ्यात मोना धावत आली. घर मैदानाला लागूनच, गळ्यात शिवणाची टेप तशीच लोंबकळत होती. पोरीला बघून तिनं हंबरडा फोडला नाही, सरळ जगच उचलला. जोतीरामनं तिचा हात धरला.

"मामा, सोडा. पोरीला पाणी द्या की."

"मोना, न्हाय द्यायचं. पाणीच जास्त झालंय."

"काय बोलालाय तुमी? पोरीचं तोंड बघा. आदर्शला पण असंच म्हणाला हुता."

हे वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं. जोतीरामच्या तोंडचं पाणी पळालं, पण त्यानं धरलेला हात सोडला नाही. आपण आयुष्यात दुसऱ्यांदा पडलेल्या लेकराला पाणी नाकारतो आहोत, हे त्याला चांगलं कळत होतं. काटा चुकला असेल तर? गुळाचं शहाणपण माणसाला लागू नसेल तर? पोरगी मेली तर लोक काय म्हणतील याची त्याला भीती नव्हती. लोक म्हणतील ते खरंच असेल, याची होती. हंबीरराव वस्ताद काठी टेकत मधे आले आणि म्हणाले, "जोत्या, पाज की रं पाणी." ज्या माणसानं उभी हयात पोरांना पाणी पिऊ दिलं नाही, तो म्हणत होता पाज. जोतीराम त्यांच्याकडं बघून नुसती मान हलवत राहिला. त्यानं पोरीला उचललं आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

रिक्षात दहा मिनिटं गेली असतील. मोनानं वाटेत दोनदा रिक्षावाल्याची बाटली घेतली, दोनदा जोतीरामनं ती हिसकावली, दुसऱ्या वेळी रस्त्यावर फेकून दिली. मोनानं त्याच्या तोंडात मारली.  तिचं बरोबरच होतं, तिच्या जागी तो असता तर त्यानंही मारली असती. तेजस्वीला अजून एक झटका आला. तो तिच्या कानाशी तोंड नेऊन एकच प्रश्न विचारत होता, वार कुठला, बाळ, आज वार कुठला. ती उत्तर देत नव्हती.

दवाखान्यात ऋता नावाची तरुण डॉक्टरीण होती. ऊन लागलंय, उलटी झाली, झटके आले, असं मोनानं एका दमात सांगितलं. डॉक्टरीण सलाइनची तयारी सांगायला वळली तेव्हा जोतीराम तिच्या आडवा गेला.

"ताई, वजन वाढलंय. अडीच तासात दीड किलो. काटा बरोबर हाय, मी माप ठेवून बघितलंय."

डॉक्टरीण थांबली. "पळून आल्यावर वजन वाढलंय?"

"व्हय."

तिनं तेजस्वीची बोटं दाबून बघितली आणि रक्त तपासायला तातडीनं पाठवलं. अर्ध्या तासानं बाहेर आली. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, एकशे पस्तीसच्या वर हवं, ते एकशे अठरावर आलं होतं. प्रमाणाबाहेर साधं पाणी पोटात गेलं की अंगातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते, असं तिनं सांगितलं. आता मिठाचं तीव्र सलाइन द्यायचं, तेही बेतानं. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही.

"वाटेत पाणी पाजलंत का?"

"न्हाय."

"नशीब. आणखी लिटरभर गेलं असतं तर इथवर आली नसती. नाही पाजायचं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मी गुळाचा तोलाईदार हाय," जोतीराम म्हणाला. डॉक्टरणीला काही उमगलं नाही. त्यालाही समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

तो दिवस त्यानं दवाखान्याच्या बाकड्यावर काढला. मोना दुसऱ्या टोकाला बसली होती. दुपारी लीला डबा घेऊन आली, दोघांनीही तो उघडला नाही. संध्याकाळी मोना उठून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, मी मारायला नको हुतं." तो म्हणाला, "अजून एक मारलीस तरी चालंल."  दार उघडलं की दोघंही उठून उभी राहायची. नर्स बाहेर आली, की आत्ता सांगणार, असं जोतीरामला वाटायचं. कुणीच काही सांगत नव्हतं. पाच दिवस, मग सहावा दिवस, असं मागचं सगळं त्याच्या डोक्यात फिरत होतं आणि हा तर अजून पहिलाच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजस्वीनं डोळे नीट उघडले. आईला ओळखलं, भूक लागली म्हणाली. मोना बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि मग रडली. थोड्या वेळानं डॉक्टरणीनं जोतीरामला आत सोडलं.

पोरगी उशीला टेकून बसली होती. बोटांची सूज उतरली होती. जोतीराम खुर्चीच्या कडेवर बसला.

"किती पाणी पिलीस गं?"

"तुमी देत हुता ते. आणि शिट्टीच्या मधे मधे नळावर जाऊन. आणि काट्यावर चढायच्या आधी दोन बाटल्या."

"एवढं कशाला? बाहीर बसवीन म्हणून? मॅच कुठं पळून चालली हुती व्हय?"

तेजस्वीनं मान हलवली. "मॅचचं न्हाय, मामा. आकडा खाली गेला की तुमचे हात कापत्यात. तुमी काय न्हाय, काय न्हाय म्हणता आणि पेन धरता येत न्हाय तुमाला. सगळ्या पोरींनी बघितलंय. परवा माझं सातशे उतरलं तवा तर तुमी मोटारसायकलची किल्लीच लावू शकत न्हवता. आमी तर मागंच ठरवलंय, आकडा खाली जाऊ द्यायचा न्हाय. सराव संपला की काट्यावर चढायच्या आधी नळावर जाऊन प्यायचं. परवा मी विसरलो. म्हणून काल जरा जास्त पिलो."

"सगळ्या पिता?"

"सगळ्या."

जोतीरामला दहा रात्रींची झोप आठवली. एवढाल्या पोरींनी त्याची भीती ओळखली होती, वाटून घेतली होती आणि रोज सकाळी नळाला तोंड लावून ती पीत होत्या. तालमीत, घरात, अडतीवर मोठ्यामोठ्यांना जे विचारायचं धाडस झालं नाही ते तेजस्वीनं विचारलं.

"मामा, तुमाला आमच्यापायी भ्या वाटतंय का?"

नऊ वर्षांत त्यानं हा शब्द तोंडातून काढला नव्हता. लीलाजवळही नाही.

"व्हय," तो म्हणाला. "लई वाटतंय. रोज वाटतंय."

"मग तसं सांगायचं की आमाला," तेजस्वी म्हणाली. "आमी तहान लागली की आपापलं पिलो असतो."

 जोतीराम उठला, मोनाला येतो म्हणाला आणि बाहेर कडक ऊन होतं त्यात चालू लागला. आपल्याला भ्या वाटतं आणि पाणी तहानेपुरतंच प्यायचं, हे आणखी अठरा पोरींच्या घरी जाऊन सांगायचं होतं.